बहिरीच्या पायथ्याचं घर

नेसखेरी,
डिसेंबर

प्रिय दारो,

हे पत्र ओतारच्या मिनीबसने पाठवते आहे. सोबत आपल्या लसूण घातलेल्या मिठाची पुरचुंडी आहे. यंदा लसूण तिखट निघाला म्हणून हात जरा आखडून घातलाय, नाहीतर तुझ्या खालच्या मैदानी मुलखातल्या शेजारणी म्हणायच्या, डोंगरातल्या बाईने विष पाठवलं. फोन करता आला असता. पण फोनवर तू "हं, हं, बरं" करत राहतेस आणि मी दम घ्यायला थांबले की "ठेवते गं" म्हणून मोकळी होतेस. कागदाला तसं जमत नाही, तो बापडा सगळं ऐकून घेतो. अक्षराला मात्र हसू नकोस. ते तूच शिकवलंस, गायी राखताना, सपाट दगडावर कोळशाने. मी 'इवलिता' लिहिलं की तू म्हणायचीस, "ही इवलिता कुठली, ही तर लंगडी शेळी!" अजून ती लंगडतेच आहे. घरधनी चिचिको होता तोवर लिहिणं त्याच्याकडे आणि सांगणं माझ्याकडे होतं. आता दोन्ही माझ्याच गळ्यात.

आधी तुझ्या नातीचं सांगते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. ग्वांत्सा खुशाल आहे. पहिला बर्फ पडला तशी आली ती माझ्याच घरी उतरली. वरच्या खोलीत, माझ्या बटाट्यांच्या शेजारी झोपते. जेवते चांगली, बोलते थोडं, हसते तुझ्यासारखी, म्हणजे नाकातून. रोज उजाडलं की तिचे परदेशी पाहुणे घेऊन डोंगरावर जाते. पायांत स्की, पाठीवर फावडं, आणि छातीला एक यंत्र बांधलेलं. माणूस बर्फाखाली गेलं तर ते यंत्र आतून हाका मारतं म्हणे. तिने मला दाखवलं तेव्हा मी ते बराच वेळ हातात धरून बसले होते. आपल्या वेळी असलं काही असतं तर... जाऊ दे. एका जर्मन पोराने परवा माझ्या चुलीपाशी बसून विचारलं की जानेवारीत तुमचा कसला सण असतो. ग्वांत्साने सांगितलं, "लिपानाली. आमची गेलेली माणसं आठवडाभर घरी राहायला येतात. आम्ही दार उघडून नावाने हाका मारतो, ताट वाढतो, आणि सोमवारी निरोप देतो." तो हसला नाही, शहाणा पोरगा. एवढंच म्हणाला, "आणि ज्यांचं घरच उरलं नसेल त्यांनी कुठे यायचं?" ग्वांत्सा उठून लाकडं आणायला गेली. लाकडं तर चुलीजवळ रचलेलीच होती.

आता मुद्द्याचं. तिने तुला सांगितलंय की नाही मला ठाऊक नाही. विचारलं तर "सांगेन" म्हणते, आणि तिचं सांगेन म्हणजे कोंबडीला दात येतील तेव्हा. पानगळीत एकदा येऊन गेली तेव्हा तिने तुमच्या जुन्या जागेवर खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. बर्फ वितळला की तिथे घर बांधणार आहे. वर पाहुण्यांसाठी खोल्या, खाली चूल, तीही तुमची होती बरोबर तिथेच. गवंडी ठरलाय, सिमेंटची बोलणी झालीत. मग पुढचा हिवाळाभर तिथे राहणार आहे. त्याच जागी, दारो, बहिरीच्या उताराच्या पायथ्याशी.

तू जाऊन किती काळ लोटला, बहिरी तुला आठवते तशी राहिली का म्हणशील, तर सांगते, तशीच आहे. उन्हाळ्यात गवताने अशी मऊ दिसते की लहान मुलांनी लोळावं. तुमच्या घरामागची भूर्जाची राई त्या हिवाळ्यात गेली ती गेलीच. नंतर उगवलेली झाडं सगळी खालच्या बाजूला वाकलेली आहेत, एखाद्याच्या पाठीत सतत कुणीतरी धपाटा घालावा तशी. त्यांना डोंगराकडच्या अंगाला फांद्याच नाहीत, दरवर्षी मोडतात. नवख्याला वाटेल वारा आहे. आपल्याला कळतं, बहिरी दर साली येऊन हात पुसून जाते. आठवतं का, तिच्याखालून जाताना आपण तोंडात पदर कोंबायचो? मला नेमकी तिथेच शिंक यायची आणि तू माझं नाक चिमटीत धरायचीस. मी हे ग्वांत्साला सांगितलं तर ती म्हणते, "आवाजाने काही कोसळत नाही गं आजी, वजनाने कोसळतं." मी म्हटलं, "म्हणजे मी जन्मभर शिंका उगाच गिळल्या?" तर म्हणते, "तुझ्या शिंकेचं वजन मोजावं लागेल." तोंडाळ आहे. तुझीच आहे.

यंदाचा बर्फ मला आवडलेला नाही. पहिला पडला तो पातळ, जेमतेम पाऊल बुडेल एवढा. मग आभाळ मोकळं झालं आणि कडाक्याची थंडी पडली, दिवसामागून दिवस, रात्री तर दगड तडकत होते. अशा थंडीत खालच्या बर्फाचं काय होतं ते तुला सांगायला नको. त्याचं मीठ होतं. हातात घ्यावं तर खडे खडे, एकाला एक चिकटत नाही, बोटांतून गळून जातं. मग गेल्या आठवड्यात मोठा बर्फ आला आणि मागोमाग पश्चिमेचा वारा. त्या वाऱ्याने पलीकडचा सगळा बर्फ उचलून बहिरीच्या अंगावर आणून थापला. वर जाड, घट्ट भाकर आणि खाली नुसतं सुटं मीठ. चालताना एकदा पायाखालून तो हुंकार आला, जमीन श्वास सोडते तसा. तो हुंकार मी त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच ऐकला.

मी ग्वांत्साला म्हटलं, चल, मला तुझ्या जागेवर ने. वाटलं, तिला मीठ दाखवावं, हातात घेऊन. पण दारो, त्या पोरीला मी काय दाखवणार! तिने बहिरीच्या कडेला, जिथे उतार संपतो तिथे, फावड्याने खड्डा खणला. भिंत अशी सरळ कापली जशी तुझ्या सासूबाई, मारो काकू, चीज कापायच्या. थरावर बोट ठेवून सांगत गेली, हा नोव्हेंबरचा, हा थंडीतला, हा वाऱ्याचा. मग बर्फाचा एक खांब सुटा केला, त्यावर फावडं आडवं ठेवलं आणि नुसत्या बोटांनी थोपटलं, तान्ह्याला थोपटावं तसं. वरची भाकर अलगद सुटली आणि तिच्या मांडीवर येऊन पडली. ती म्हणाली, "बघ. एवढंच पुरतं." मी विचारलं, "आणि तुझं घर?" तिने कागदावर काढून दाखवलं. घराच्या पाठीला नांगराच्या फाळासारखी दगडी भिंत, बर्फ येऊन त्यावर दुभंगेल आणि दोन्ही अंगांनी निघून जाईल. मी म्हटलं, "बरं. दर सालचा बर्फ दुभंगेल. पण त्या हिवाळ्यात आला तसा आला तर?" ती फावडं पुसत राहिली. म्हणाली, "तसा आला तर नाही टिकणार." इतक्या शांतपणे, जसं काही मी विचारलं होतं की दूध नासेल का.

वेडं पोर असतं तर कान धरून शिकवलं असतं. पण ज्याला सगळं कळतं त्याला काय शिकवायचं? आणि मला दारात उभा असलेला तुझा जोकिया आठवला. त्यालाही सगळं कळलं होतं.

त्या दिवशी रात्री तिने मला त्या हिवाळ्याबद्दल विचारलं. म्हणाली, "दारो आजीने कधीच सांगितलं नाही. आई म्हणते तिला ताप होता, काही आठवत नाही." मग मी सांगितलं. तुझी परवानगी घ्यायला हवी होती, पण पोर मान खाली घालून बसली होती. सांगितलं की लिपानालीचा आठवडा होता, असाच मीठ झालेला बर्फ होता आणि त्यावर वाऱ्याने डोंगर रचला होता. जोकिया छातीभर बर्फातून वाट पाडत आला, खांद्यावर तुझी फणफणलेली लेक, मागे तू. आमचं घर कड्याच्या आडोशाला, बुरुजाला चिकटलेलं, म्हणून तुम्हा दोघींना आमच्याकडे ठेवायला. चिचिको म्हणाला, "अरे, मग म्हातारीला आणि तुझ्या बिमुर्झालाही घेऊन ये." जोकिया मिशीतला बर्फ झाडत हसला होता. "आई उठतच नाही. म्हणते, माझा सासरा ताटावर बसलाय, माझा नवरा बसलाय, त्यांच्यासमोरून उठून पळू? घरात पाहुणे असताना? सोमवारी निरोप दिला की येते म्हणते. आणि पोरगं तिच्या मांडीत झोपलंय." चिचिको म्हणाला, "मांडीसकट उचल." जोकिया म्हणाला, "तेच करतो आता." आणि गेला. तू दार लावलंस. चुलीवर दूध होतं. ते उतू गेलं तेव्हा आपल्यापैकी कुणी ते पाहिलंही नाही, कारण तोवर बहिरी तुमच्या घरावर कोसळली होती, बाहेर काहीच दिसत नव्हतं, सगळं पांढरं झालं होतं.

ग्वांत्साने विचारलं, "मारो पणजीचा राग नाही आला कधी?" मी खरं तेच सांगितलं. नाही आला. आपल्या इथली कोण बाई उठली असती? मी उठले असते? तू? पाहुण्यांना ताटावर सोडून जायचं हे आपल्या हाडातच नाही. मारो काकू फटकळ होत्या, माझी कुबदारीची रोटी हातात घेऊन म्हणायच्या, "इवलिता, यात मांस घातलंस की जोड्याचा तळ?" पण पाहुणचारात त्यांचा हात धरणारी मी दुसरी पाहिली नाही.

मग मी म्हटलं, "आता तू सांग. तुला सगळं कळतंय, मग तिथेच का? आमच्या बुरुजाशेजारी माझा बटाट्याचा वाफा आहे, कड्याच्या आडोशाला, तिथे आजवर बर्फाचा कण घसरला नाही. घे तो. मला काय करायचे आता एवढे बटाटे?" तिने चुलीत लाकूड सारलं. मग जे बोलली ते मी तुला तिच्याच शब्दांत लिहिते. "आजी, दरवर्षी लिपानालीला दारो आजी तिथे खाली मैदानात ताट मांडते. दार उघडते. हाक मारते. आणि मग आईला म्हणते, 'लाव दार, कुणी येत नाही. त्यांनी हे घर पाहिलंच नाही, त्यांना वाट कशी कळणार? ते वरच जात असतील, जुन्या जागेवर. घर सापडत नसेल. बर्फात उभे असतील तिघं.' लहानपणापासून मी दर जानेवारीत हे ऐकते. बर्फात उभे असतील तिघं. मला झोप लागायची नाही. म्हणून मी हे डोंगराचं काम शिकले. म्हणून घर तिथेच हवं. चूल तिथेच हवी. त्यांना दुसरी जागा सापडणार नाही. एक वर्ष जरी टिकलं, एक जानेवारी जरी, तरी ते आत येतील."

मी उठले आणि रश्श्यात मीठ घातलं. ते आधीच घातलेलं होतं. ती मुकाट्याने जेवली, एकदाही कुरकुरली नाही, यावरून काय ते ओळख. उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण मी ते गिळलं, शिंकेसारखं. कारण ते आधी तिला सांगायचं नव्हतं. ते आधी तुझं आहे.

आता बसून वाच, दारो. हातातलं काम ठेव. तू लेकीला घेऊन खाली गेलीस त्याच्या पुढच्या जानेवारीची गोष्ट. मी ताटं मांडली, चिचिको दार उघडून उभा राहिला आणि त्याने आमची सगळी नावं घेतली, आजा, पणजा, त्याची लंगडी आत्या, सगळी. नावं संपली तरी दार लावेना. समोर तुमच्या घराच्या जागी सपाट पांढरं पडलं होतं. मी म्हटलं, "लाव की, घर गार पडलं." तो म्हणाला, "इवलिता, जोकियाला हाक मारू का?" मी म्हटलं, "मारायची तर तिघांनाही मार. आणि मारो काकूंना आधी, नाहीतर वर्षभर तोंड फुगवून बसतील." त्याने हाका मारल्या. मी तीन ताटं आणखी मांडली. तेव्हापासून एकही साल चुकलं नाही, दारो. जोकियाला अराकीचा पहिला पेला, मारो काकूंना माझी कुबदारी (सांगायला हरकत नाही, त्यांच्या धाकाने ती आता खरोखर चांगली होते), आणि बिमुर्झाला दूध. दुधावरून आमचं भांडणही झालं एकदा. चिचिको म्हणाला, "पोरगं आता मिशीवालं झालं असेल, त्याला अराकी दे." मी म्हटलं, "गेलेली मुलं वाढत नाहीत." तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?" शेवटी दूध दिलं आणि चिचिकोने त्यात माझी पाठ वळल्यावर एक थेंब अराकी टाकली. दर वर्षी सोमवारी निरोप देताना आम्ही तिघांनाही दारापर्यंत पोचवायचो. तुला कधी कळवलं नाही, कारण दुसऱ्याचे पाहुणे आपल्या घरी बसवणं बरं दिसत नाही, आणि तुला वाटलं असतं मी म्हणते आहे की तू त्यांना टाकून गेलीस. तू त्यांना टाकलं नाहीस. तू एक जीव वाचवून नेलास, आणि त्या जिवाची पोर आज माझ्या बटाट्यांशेजारी झोपली आहे. तर हे लिहायचं होतं: ते बर्फात उभे नाहीत, दारो. एका जानेवारीतही नव्हते. ते माझ्या चुलीपाशी बसतात, भिंतीकडच्या बाकावर, आणि यंदा त्यांना आणायला चिचिकोही जाईल, तो आता त्यांच्याच बाजूचा झाला. म्हणून तू ये. ओतार दर शनिवारी वर येतो, पुढची जागा तुझ्यासाठी ठेवायला सांगितली आहे. दार उघडून हाका मारणारं या घरात आता कुणी नाही, माझा आवाज उंबऱ्यापाशीच बसतो. तू उभी राहा, ग्वांत्साला शेजारी उभी कर, आणि तिच्या देखत त्यांना आत घे. मग बर्फ वितळल्यावर बहिरीखालच्या खुंट्या ती स्वतःच उपटेल, मला एक शब्द बोलावा लागणार नाही. मारो काकूंना आणि जोकियाला मी हाक मारेन हवं तर. बिमुर्झाला तू मार. आणि येताना तुमच्या मैदानातली द्राक्षाच्या रसात बुडवलेली अक्रोडाची माळ आण. बाप खाली बाजाराला गेला की दारात बसून तिची वाट बघायचा तो, मला इथे ती कधी मिळालीच नाही.

वाट बघते आहे,
तुझीच,
इवलिता (लंगडी शेळी)